पुण्याच्या मुंगीचा बुडालेला वंश: नवी जात, नवा वंश ठरतो कसा?

वारूळ

मृगाचा पाऊस पडला की माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. पंख फुटलेल्या मुंग्या, दिव्याखाली पडलेले भुंगेरे, कुंडीच्या मातीतून निघालेलं काहीतरी लालसर. खाली प्रश्न ठरलेला: "काका, ही नवी जात असेल का?" प्रत्येकाला एका ओळीत उत्तर देऊन माझंच समाधान होत नाही, म्हणून हा धागा काढतोय. मी कीटकशास्त्राची पदवी घेतलेली नाही. बँकेतली नोकरी सांभाळून गेली चौदा वर्षं शनिवार-रविवार एका मित्राच्या प्रयोगशाळेत मुंग्या टाचणीवर चढवतो. त्या हातच्या अनुभवावर लिहितोय, जाणकारांनी भर घालावी.

आधी शब्दांचं. बातमीत 'नवी प्रजाती सापडली' असं येतं तेव्हा बहुतेक वेळा स्पीशीज म्हणायचं असतं. परिभाषेत मात्र स्पीशीज म्हणजे जाती आणि जीनस म्हणजे प्रजाती. या घोळात कुणी अडकू नये म्हणून इथे मी स्पीशीजला 'जात' आणि जीनसला 'वंश' म्हणणार आहे.

आता गोष्ट. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुंबई इलाख्यात रॉबर्ट चार्ल्स रॉटन नावाचे वनाधिकारी होते. त्यांना मुंग्यांचा नाद. गोळा केलेल्या मुंग्या ते स्वित्झर्लंडला ऑगस्त फोरेल यांच्याकडे पाठवत. फोरेल पेशानं मनोविकारतज्ज्ञ, पण मुंग्यांच्या अभ्यासात त्या काळी त्यांचा शब्द मोठा. पुण्याहून गेलेल्या नमुन्यांत दोन मिलिमीटरच्या आसपासची एक पिवळसर मुंगी होती आणि तिच्या सोबत तिचा नर. मुंगीचा नर म्हटला की पंख हवेत, डोळे मोठे हवेत, कामकरी मुंगीशेजारी ठेवला तर दोघं एका घरातली वाटू नयेत. हा नर बिनपंखी निघाला आणि बराचसा कामकरी मुंगीसारखाच दिसणारा. असा नर ओळखीच्या कुठल्याच चौकटीत बसेना. फोरेलनी १८९० मध्ये नवा वंश उभा केला. इटलीतले मुंगीतज्ज्ञ कार्लो एमेरी यांच्या सन्मानार्थ वंशाचं नाव एमेरिया, आणि पाठवणाऱ्याच्या नावावरून जात रॉटनिआय.

दोनच वर्षांत, १८९२ मध्ये, फोरेलनी स्वतःच हा वंश मागे घेतला. नर बाजूला ठेवून कामकरी मुंगी नीट पाहिली तर ती कार्डिओकॉन्डायला या आधीच माहीत असलेल्या वंशातली होती. कमरेची दुसरी गाठ वरून रुंद, हृदयासारखी. नावाचा अर्थही तोच, हृदयाच्या आकाराची गाठ. या वंशातल्या कित्येक जातींत असे बिनपंखी नर असतात, एवढंच तोवर कुणाला ठाऊक नव्हतं. हे नर घरटं सोडून जात नाहीत, एकमेकांशी झुंजतात आणि आपल्याच घरट्यातल्या माद्यांशी मीलन करतात. आणि कार्डिओकॉन्डायला हा वंश १८६९ मध्ये उभा केला होता तो खुद्द एमेरींनी. त्यांच्या सन्मानार्थ ठेवलेलं नाव त्यांच्याच वंशात बुडालं.

मला ही गोष्ट फार प्रिय आहे, कारण नवा वंश म्हणजे काय ते तिच्यात उघडं दिसतं. नवा वंश हा एक दावा असतो: "या प्राण्याची वाट बाकीच्यांपासून इथे वेगळी झाली." फोरेलनी डोळ्यांनी पाहिलं ते खरंच होतं, नराला पंख नव्हतेच. चूक झाली ती त्या फरकाचं वजन करण्यात. एक लक्षण कितीही विलक्षण असलं तरी बाकीचं शरीर काय सांगतंय ते ऐकावंच लागतं. म्हणून फोटो पाठवणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न असतो, वेगळी आहे म्हणता, पण कोणापेक्षा? त्या वंशाच्या आजवर वर्णन झालेल्या सगळ्या जाती, निदान आपल्या भागातल्या, समोर ठेवल्याशिवाय 'नवी' हा शब्द उच्चारता येत नाही. काही वर्णनं शंभर वर्षांपूर्वीची, फ्रेंच किंवा जर्मनमधली, चार ओळींची आणि चित्राशिवाय. मग ज्या मुंगीवरून त्या चार ओळी लिहिल्या गेल्या तीच मुंगी पाहावी लागते, आणि ती असते युरोपातल्या एखाद्या संग्रहालयाच्या खणात.

त्या मुंगीला नामप्रारूप म्हणतात, होलोटाइप. तिच्याबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो की ती त्या जातीचा आदर्श नमुना असते. तसं काही नाही. ती खुंटा असते. नाव त्या खुंट्याला बांधलेलं. जातीची व्याख्या हे दावं. नवे अभ्यासक येतात, दावं लांब करतात, आखूड करतात, खुंटा जागचा हलत नाही. जातीचा खुंटा म्हणजे एक नमुना, वंशाचा खुंटा म्हणजे एक जात. एमेरियाचा खुंटा रॉटनिआय. उद्या कुणी सिद्ध केलं की रॉटनिआय आणि तिची भावंडं कार्डिओकॉन्डायलापासून खरोखरच वेगळी आहेत, तर त्यांना नवं नाव शोधायची गरज नाही. एमेरिया पाण्यातून वर काढावं लागेल.

आज ही मुंगी लिहिताना असं लिहितात: कार्डिओकॉन्डायला रॉटनिआय (फोरेल, १८९०). कंस मुद्दाम आहे. फोरेलनी ही जात वर्णिली ती दुसऱ्या वंशात, नंतर ती इथे आली, हे कंस सांगतो. मला तो कंस दिसला की पुण्यातला तो नर आठवतो.

सह्यकडा

वारूळकाका, सलग दोनदा वाचलं. मी सावंतवाडी तालुक्यात शाळेत शिकवते. आमच्याकडच्या चौकुळ गावावरून २०२२ मध्ये एका चतुराचं नाव पडलं, बर्मागोम्फस चौकुळेन्सिस. त्याआधी २०२० मध्ये किनाऱ्यावरचा ब्रॅडिनोपिगा कोंकणेन्सिस. त्याचा भाऊबंद विहिरीच्या कठड्यावर, सिमेंटच्या भिंतीवर बसतो, दगडाच्याच रंगाचा, बसला की दिसत नाही. माझ्या मुलांनी तो शाळेच्या टाकीवर रोज पाहिलेला. "बाई, आमच्या भिंतीवरचा आहे म्हणजे त्याला नाव असणारच की!" असं एक मुलगी म्हणाली. कोंकणेन्सिस २०२० पर्यंत बिननावाचा होता, हे सांगितल्यावर वर्गात जी शांतता पसरली ती मी विसरणार नाही.

मुलांना मी सांगितलं की 'एन्सिस' म्हणजे आपलं 'कर'. चौकुळेन्सिस म्हणजे चौकुळकर. बरोबर ना? आणि नाव लॅटिनच असायला हवं का?

वारूळ

सह्यकडाताई, 'कर' अगदी चपखल. उद्यापासून मीही हेच सांगणार.

नाव लॅटिन लिपीत हवं. शब्द कुठल्याही भाषेतला चालतो. जर्मन कीटकतज्ज्ञ अलेक्झांडर रीडेल आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये न्यू गिनीतल्या सोंडकिड्यांच्या एकाच वंशातल्या १०१ नव्या जाती एका निबंधात वर्णिल्या. इतकी नावं आणायची कुठून? काही नावं त्यांनी पापुआ न्यू गिनीच्या टेलिफोन डिरेक्टरीतून उचलली, तिथल्याच कुटुंबांची आडनावं. किडा तिथला, नावही तिथलं.

व्याकरण मात्र लॅटिनचं, आणि इथे मराठी माणसाला आयतं घबाड मिळतं. आपल्याकडे काळा, काळी, काळं आहे. लॅटिनमध्ये तेच नायगर, नायग्रा, नायग्रम. वंशाचं नाव नाम असतं, त्याला लिंग असतं. जातीचं नाव विशेषण असेल तर लिंगाप्रमाणे बदलतं. व्यक्तीच्या नावाला 'आय' लागतो ती सरळ षष्ठी, रॉटनिआय म्हणजे रॉटनचा. षष्ठी बदलत नाही.

डास घ्या. डेंग्यू पसरवणारे दोन डास, एडिस इजिप्ती आणि एडिस आल्बोपिक्टस. २००४ च्या सुमारास काही डासतज्ज्ञांनी एडिस या अवाढव्य वंशाचे तुकडे केले आणि हे दोघे स्टेगोमाया वंशात गेले. स्टेगोमाया स्त्रीलिंगी. 'पांढऱ्यानं रंगवलेला' आल्बोपिक्टस होता, तो 'रंगवलेली' आल्बोपिक्टा झाला. इजिप्ती षष्ठीतलं नाम, ते आहे तसं राहिलं. सगळ्या जगातले डॉक्टर, आरोग्य खाती, नियतकालिकं वैतागली. कित्येकांनी नवं नाव वापरायला नकार दिला. २०१५ मध्ये डासतज्ज्ञांच्याच एका गटानं वंश पुन्हा एक केला आणि आल्बोपिक्टस परत आला. वंश किती मोठा ठेवायचा याला कायदा नाही. एका पूर्वजाची सगळी पिल्लं आत आली पाहिजेत, एवढी अट आज बहुतेक जण मानतात. त्यापुढे विवेक. माझं मत विचाराल तर शेतकरी, डॉक्टर रोज वापरतात ती नावं हलवायला पुरावा फार भक्कम हवा.

गच्चीबाग

तुकाराम ओंबळे यांच्या नावावरून ठेवलेलं नाव, आयशियस तुकारामी, हेही असंच ना? २०२१ ची बातमी आहे, ठाण्याकडची. वाचून अंगावर काटा आला होता.

निशाचर

हो, तुकारामाचा, षष्ठीच. फक्त तो उडी मारणारा कोळी आहे. कोळी कीटक नव्हेत, पाय आठ. पण नामकरणाचे नियम सगळ्या प्राण्यांना एकच. १९९९ ची चौथी आवृत्ती आहे, २००० पासून लागू. २०१२ पासून फक्त ऑनलाइन छापलेलं वर्णनही धरतात, पण आधी झूबँक नावाच्या नोंदवहीत नोंद करावी लागते.

सह्यकडा

आणि एकदा दिलेलं नाव नंतर नको वाटलं तर?

वारूळ

नको वाटलं म्हणून बदलत नाही. स्लोव्हेनियातल्या गुहांत एक आंधळा भुंगेरा आहे, १९३७ मध्ये त्याला हिटलरचं नाव दिलं गेलं, अॅनॉफ्थाल्मस हिटलेरी. ते आजही तेच आहे. त्या नावापायीच संग्राहक त्याच्या मागे लागतात, मोठ्या किमती देतात, आणि गुहेतल्या भुंगेऱ्याच्या जिवावर बेततं. बिचाऱ्याचा यात काय दोष? नाव ठेवताना किती विचार करावा, ते या एका उदाहरणावरून मी शिकलो.

पऱ्हाटी

रामराम मंडळी. यवतमाळकडून लिहितो, कापूस आहे घरी. तुमची चर्चा वाचून बरं वाटलं, पण एक विचारतो, राग मानू नका. हे नाव बदललं, तो वंश बुडाला, याचा आमच्या वावरात काय उपयोग? २००७-०८ च्या सुमारास पऱ्हाटीवर पिठ्या ढेकूण आला होता. झाडाचा शेंडा पांढराफटक, हात लावला की चिकट. फवारे मारून मारून थकलो, वरच्या मेणावरून औषध घसरून जाये. मग एका वर्षी तो आपोआप कमी झाला. पांढऱ्या ढेकणांच्या जागी तपकिरी, कडक, फुगीर गोळे दिसू लागले. कृषी सहायकानं सांगितलं की आतमध्ये मित्रकिडा आहे, फवारा नका मारू. त्याचं नाव काय अन् ते कोणी ठेवलं, हे कोणी सांगितलं नाही.

वारूळ

पऱ्हाटीदादा, राग कसला? तुम्ही ज्याबद्दल विचारताय ती माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वात मोलाची कथा आहे. सविस्तर लिहितो.

ढेकणाचं नाव फेनाकॉकस सोलेनॉप्सिस. १८९८ मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिकोत मुंग्यांच्या वारुळातून त्याचं वर्णन झालं, सोलेनॉप्सिस ही ती मुंगी. शंभर वर्षांनी तो आपल्या आणि पाकिस्तानच्या कापसावर उतरला तेव्हा ओळख पटेना. पाकिस्तानात तर त्याला नवी जात समजून वेगळं नावही दिलं गेलं. २००८ मध्ये अभ्यासकांनी वेगवेगळ्या मोसमांतले नमुने काचपट्टीवर घेऊन पाहिले आणि लक्षात आलं की मोसमाप्रमाणे त्याची मापं नि अंगावरची छिद्रं बदलतात. वेगळा वाटला तो प्राणी तोच होता. हे कळणं म्हणजे तो कुठून आला ते कळणं, आणि मूळ गावी त्याला कोण खातं ते शोधायची वाट मोकळी होणं.

तुम्ही पाहिलेले तपकिरी गोळे म्हणजे ढेकणाची कातडी. आत एका इवल्या गांधीलवर्गीय माशीची अळी वाढते, ढेकूण आतून खाऊन संपवते, कोषात जाते आणि गोल भोक पाडून बाहेर येते. ही माशी आपल्याकडे कुणी मुद्दाम आणून सोडलेली नव्हती, ढेकणापाठोपाठ ती आपसूक आली. अलिगढचे मोहम्मद हयात यांचं अख्खं आयुष्य अशा बारीक परोपजीवी माश्यांत गेलं. त्यांनी २००९ मध्ये तिचं नवी जात म्हणून वर्णन केलं, एनासियस बांबावालेई. कीड व्यवस्थापनातले शास्त्रज्ञ बांबावाले यांचं नाव. पुढे २०१४ मध्ये असं दाखवून दिलं गेलं की ही माशी १९१५ मध्येच अमेरिकेतल्या नमुन्यांवरून वर्णिली गेली होती. आता तिचं नाव एनासियस अॅरिझोनेन्सिस. सह्यकडाताईंच्या भाषेत, अॅरिझोनाकर.

म्हणजे कीड अमेरिकेची, तिचा वैरीही अमेरिकेचा, दोघांची गाठ तुमच्या वावरात पडली. हे वाक्य मी आज लिहू शकतो ते फक्त नावांची तपासणी झाली म्हणून. बांबावालेई हे नाव बुडालं याचं वाईट वाटून घेऊ नका. पाच वर्षं त्या नावाखालीच माहिती गोळा झाली, आणि ती सगळी आज अॅरिझोनेन्सिसच्या खात्यावर जमा आहे.

आफ्रिकेत याहून कठीण वेळ आली होती. १९७० च्या दशकात कसाव्यावर पिठ्या ढेकूण पडला. कसावा म्हणजे आपण ज्याच्यापासून साबुदाणा करतो तो कंद. तिथे ते कोट्यवधी लोकांचं रोजचं अन्न. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात तसाच ढेकूण दिसला, त्याच्यावरच्या माश्या आणल्या, पण त्या आफ्रिकेतल्या ढेकणावर टिकेनात. कारण ढेकूणच वेगळा होता. आफ्रिकेतला फेनाकॉकस मॅनिहोटी, तो दुसरा फेनाकॉकस हेरेनी, दिसायला जवळजवळ सारखे. खरा ढेकूण १९८१ मध्ये पॅराग्वेत सापडला, त्याच्या सोबत त्याची माशीही. ती आफ्रिकेत सोडली आणि कसावा वाचला. या मोहिमेचे प्रमुख हान्स हेरेन यांना १९९५ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. दोन पांढऱ्या ढेकणांतला फरक सूक्ष्मदर्शकाखाली कुणीतरी ओळखला नसता, तर माश्या चुकीच्याच येत राहिल्या असत्या.

पऱ्हाटी

वाचून काढलं दादा. रात्री घरच्यांनाही वाचून दाखवलं. आता एवढं सांगा, यंदा ते गोळे दिसले तर तुमच्या कामाचे आहेत का?

निशाचर

पऱ्हाटीदादांच्या प्रश्नाला काका उत्तर देतीलच. मी थोडी वेगळी बाजू मांडतो. मी सध्या युरोपात डीएनए बारकोडवर काम करतो. कीटकांच्या वर्णन झालेल्या जाती दहा लाखांच्या घरात आहेत, आणि राहिलेल्या त्याच्या कित्येक पट असाव्यात. एक नमुना गोळा झाल्यापासून नवी जात म्हणून छापून येईपर्यंत सरासरी २१ वर्षं लागतात, असं २०१२ चा एक अभ्यास सांगतो. २१ वर्षांत जंगल उरत नाही! पेशीतल्या एका ठरावीक जनुकाची ६५८ अक्षरं, म्हणजे बारकोड, वाचली की बहुतेक जाती वेगळ्या काढता येतात. २००४ मध्ये कोस्टा रिकातलं एक फुलपाखरू बारकोडनं तपासलं, तर एका नावाखाली दहा जाती निघाल्या. सुरवंट वेगळे, त्यांची खाद्यझाडं वेगळी, फुलपाखरं मात्र एकसारखी. २०२१ मध्ये तिथल्याच ब्रॅकोनिड नावाच्या परोपजीवी माश्यांच्या ४०३ नव्या जाती एका निबंधात आल्या, प्रत्येकीला एक फोटो आणि बारकोड. हीच वाट धरायला नको का?

वारूळ

निशाचर, घाईचं कारण मला मान्य आहे. खोलीत साठलेले नमुने पाहून माझाही जीव कासावीस होतो. बारकोडशिवाय आता काम करूच नये, हेही मान्य. फुलपाखराचं उदाहरण मी स्वतः लोकांना सांगतो. पण तिथे बारकोडच्या जोडीला सुरवंट होते, झाडं होती.

माझी अडचण त्या ४०३ शी आहे. वर्णनात नुसती अक्षरं असतील तर यवतमाळच्या बांधावर किंवा तालुक्याच्या कॉलेजात बसलेल्या माणसानं ती माशी ओळखायची कशी? शिवाय हा जनुक फक्त आईकडून येतो. कीटकांच्या पेशीत वोल्बॅकिया नावाचे जीवाणू राहतात, ते आईमार्फतच पुढे जातात आणि जाताना एकाच प्रकारचा हा जनुक सगळीकडे पसरवू शकतात. दोन जाती एक भासतात, कधी एकीच्या दोन. आणि जुन्या नावांचं काय? १८९० च्या खुंट्याला बारकोड नाही. त्याच्याशी जुळवायला आकार, केस, खाचा, शिरांची ठेवण यांच्याकडेच यावं लागतं.

माझ्या मुंगीचंच बघ. तैवानातून १९२९ मध्ये ऑब्स्क्युरिअर नावाची जात वर्णिली गेली होती. पुढे बराच काळ ती आणि आपली रॉटनिआय एकच धरत. २००३ मध्ये बर्नहार्ड झायफर्ट यांनी डोकं, गाठी, काटे यांची मापं घेऊन त्या पुन्हा वेगळ्या काढल्या. मग कळलं की प्रयोगशाळांत रॉटनिआय म्हणून पाळलेल्या काही वसाहती ऑब्स्क्युरिअर होत्या. ज्यांनी नमुने जपून ठेवले होते, त्यांना आपल्या निबंधातली मुंगी कोणती ते पुन्हा तपासता आलं.

निशाचर

जपून ठेवलेल्या नमुन्याचा मुद्दा पटला. आमच्याकडे सगळी मुंगी दळून डीएनए काढायची पद्धत होती, आता एक पाय घेतो किंवा शरीर न फोडता द्रावणात बुडवून काढतो. अक्षरांचा मुद्दा अजून पूर्ण पटलेला नाही, सवडीनं लिहीन.

मांडवी

गोव्याहून. २०२२ मध्ये पश्चिम घाटातून काळसर मधमाशीचं एपिस करिंजोडियन म्हणून नव्या जातीचं वर्णन आलं, तिच्या वस्तीत गोवाही आहे. आमच्याकडे फार आनंद झाला होता. मग कुणी म्हणालं ती सातेरीच. नक्की काय समजायचं?

वारूळ

दोन्ही बाजूंचे अभ्यासक आहेत. वर्णन करणाऱ्यांनी पंखांच्या शिरांच्या मापांवर आणि बारकोडवर भर दिला. दुसरे म्हणतात की सातेरी माशी, एपिस सेराना, आशियाभर इतकी बदलते की एवढा फरक तिच्यातच सामावतो. मी दुसऱ्या बाजूकडे झुकतो, पण मधमाश्या हा माझा प्रांत नव्हे. एक मात्र नक्की, दाव्याचा पुरावा छापला गेलाय, खुंटा ठोकलाय. आता कुणालाही तो तपासता येईल. आनंद मागे घेऊ नका. काळी माशी तुमच्या घाटात आहेच, नाव काहीही ठरो.

जुनी_वही

मी प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. वारूळ यांनी नमुने जपण्याबद्दल लिहिलंय म्हणून एक अनुभव लिहावासा वाटतो. कॉलेजचं नाव लिहीत नाही.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी कपाटातला एक खण उघडला. साठच्या दशकात आमच्या विभागातल्या सरांनी भरलेला, भुंगेऱ्यांचा. काच पुसली आणि आत टाचण्यांच्या ओळी दिसल्या, अगदी सरळ, शिस्तीत. टाचण्यांवर काही नव्हतं. प्रत्येकीखाली तपकिरी भुकटीची लहानशी ढिगुळी, आणि ढिगुळीत वाळलेले नमुने खाणाऱ्या संग्रहालयातल्या किड्यांच्या केसाळ काती. कित्येक वर्षं कुणी डांबराच्या गोळ्या बदलल्या नव्हत्या. चिठ्ठ्या मात्र शाबूत. सरांचं मोत्यासारखं अक्षर, गावाचं नाव, तारीख, 'शेणाखाली', 'रात्री दिव्याला'. त्यातली दोन गावं आज धरणाखाली आहेत. तिथे काय होतं हे सांगणारा तो एकच साक्षीदार, आणि आम्ही त्याची चिठ्ठी तेवढी जपली. मी त्या चिठ्ठ्या वहीत चिकटवून घरी आणल्या आहेत. विद्यार्थ्यांना अजून दाखवते.

वारूळ

बाई, काय बोलू. त्या चिठ्ठ्यांचे फोटो शक्य असेल तर कुठेतरी नोंदवून ठेवा. गाव, तारीख, शेणाखाली, एवढ्यावरही कुणी काही जुळवू शकेल.

हिरवी_टाचणी

मी दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. समजा मला खरंच काही वेगळं सापडलं, तर पायरीपायरीनं काय करायचं? आणि स्वतःचं नाव देता येतं का?

वारूळ

स्वतःचं नाव द्यायला नियमात बंदी नाही, पण कुणी देत नाही. ते अशोभनीय मानतात.

बाकी, पहिली पायरी परवानगीची. राखीव जंगलात, अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय काही उचलायचं नाही. काही फुलपाखरं, भुंगेरे वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीत आहेत. स्वतःचं अंगण, शेत यांपासून सुरुवात कर. मग त्या गटावर काम करणारा माणूस शोध आणि त्याला नम्रपणे लिही. एकटीनं नवी जात छापायच्या फंदात पडू नकोस. एकच नमुना असेल तर थांब, आणखी शोध, नर-मादी दोन्ही शोध. एमेरियाचं काय झालं ते पाहिलंस ना? कित्येक गटांत नराची जननेंद्रियं पाहिल्याशिवाय जात ठरत नाही. पोटाचं टोक कॉस्टिक पोटॅशमध्ये ठेवून मऊ करायचं आणि सुईनं सोडवायचं. पहिले दहा नमुने बिघडतात, म्हणून ते अगदी सामान्य जातीचे घे.

वर्णनात काय वेगळं आहे ते शब्दांत यायला हवं, 'नवी जात' असं स्पष्ट लिहायला हवं, होलोटाइप एकच नेमून तो कुठल्या संग्रहात ठेवला ते सांगायला हवं. जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे नव्या जातीची माहिती नेमलेल्या संस्थेला देऊन नमुनाही तिथे जमा करावा लागतो. प्राण्यांसाठी भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्था आहे, मुख्यालय कोलकात्याला, पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात. होलोटाइप घरात ठेवू नये असं माझं ठाम मत आहे. वरचा बाईंचा प्रतिसाद पुन्हा वाच.

आणि मुंग्या शिकायच्या असतील तर शनिवारी ये. कार्डाचा टाचणीच्या डोक्याएवढ्या टोकाचा त्रिकोण कापायचा, टोक किंचित खाली वळवायचं, त्यावर डिंकाचा एक ठिपका, आणि तो ठिपका मुंगीच्या उजव्या कुशीला, मधल्या नि मागच्या पायांच्या मुळाशी टेकवायचा. डिंक जास्त झाला की पोटाखालच्या खुणा बुजतात, कमी झाला की दोन वर्षांनी मुंगी गळून पडते. हे हातालाच शिकवावं लागतं.

पऱ्हाटी

दादा, माझं राहिलं. काल बांधावरच्या पेटारीच्या झाडावर पांढरे ढेकूण दिसले, त्यात सात-आठ तपकिरी गोळे आहेत. काय करू?

वारूळ

वा! फांदीसकट हलक्या हातानं तोडा. गोळे एका कोरड्या काचेच्या बाटलीत ठेवा, तोंडाला मलमलीचा तुकडा आणि रबर. उन्हात ठेवू नका. रोज पाहा. काळ्या, दीड-दोन मिलिमीटरच्या माश्या बाहेर आल्या की एक दिवस तशाच राहू द्या, म्हणजे पंख नीट पसरतात, मग स्पिरिटमध्ये घ्या. ज्या गोळ्यातून माशी निघाली तोही फेकू नका, त्याच बाटलीत टाका. झाडाचं पान वहीत दाबून ठेवा.

चिठ्ठी बाटलीच्या आत जाते, बाहेर चिकटवायची नाही. पेन्सिलीनं लिहा, पेनाची शाई स्पिरिटमध्ये विरघळते.

पऱ्हाटी

अशी लिहिली, बघा बरोबर आहे का. गावाचं नाव, तालुका, जिल्हा. काल सकाळची तारीख. 'पेटारीवरच्या पिठ्या ढेकणातून.' खाली माझं नाव.

वारूळ

बरोबर आहे. माश्या निघतील ती तारीखही खाली लिहा, त्यासाठी एक ओळ मोकळी सोडा.